शोकेसमधलं रॉकेट

आमच्या आईला वस्तू वापरण्यापेक्षा ठेवायला जास्त आवडायच्या. हे मी तिच्यामागे तिची नालस्ती म्हणून सांगत नाही. तिच्या तोंडावर मी हे हजारदा म्हटलंय आणि तिने हजारदा "तुला काय कळतंय" म्हणून मला गप्प केलंय. गिरगावातली एक खोली सोडून आम्ही मीरा रोडला दोन खोल्यांच्या नव्याकोऱ्या ब्लॉकमध्ये राहायला आलो, तेव्हा पंखे बसायच्या आधी तिने सुताराला बोलावून हॉलच्या भिंतीवर काचेच्या सरकत्या दारांची शोकेस करून घेतली. दारांना बारीक कुलूप, किल्ली आईच्या कमरेला. आतल्या फुलांच्या कपबशा कुठल्या पाहुण्यासाठी होत्या देव जाणे, कारण घरी येणाऱ्या प्रत्येकाला चहा स्टीलच्या पेल्यातूनच मिळायचा. परदेशी साबणाच्या वड्या होत्या, त्यांचा वास मी शाळेत असतानाच उडून गेला होता. अत्तराची बाटली होती, ती कधी कुणाच्या मनगटाला लागली नाही. "चांगल्या दिवसाला काढू," असं आई म्हणायची. दिवाळी, माझा वाढदिवस, बाबांची बढती, यांतला एकही दिवस तिला पुरेसा चांगला वाटला नाही.

आणि या सगळ्याच्या वर, सगळ्यात उंच फळीवर, एक लांबट पुठ्ठ्याचं खोकं होतं. त्यावर चंद्रावर माणसं घेऊन गेलेल्या रॉकेटचं चित्र होतं: पांढरंशुभ्र, मधे मधे काळे पट्टे, खाली नारिंगी जाळ. आत त्याचे प्लास्टिकचे सुटे भाग होते, ते आपण कापून, जोडून, रंगवून उभे करायचे. खोकं आणलं होतं वसंतमामाने. वसंतमामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, मालवाहू जहाजावर इंजिनरूममध्ये फिटर. माझी आजी लवकर गेली, त्यामुळे आईने स्वतः परकरात असताना त्याला कडेवर घेऊन वाढवलेला. मी तिसरीत असताना मामाला विचारलं होतं की चंद्रावर जातात ते परत कसे येतात. तो म्हणाला, पुढच्या सुट्टीत दाखवतो. पुढच्या सुट्टीत तो हे खोकं घेऊन आला आणि म्हणाला, चल बसू. पण आई मधे पडली. पोर लहान आहे, बारीकसारीक तुकडे आहेत, हरवून टाकील, एवढ्या लांबून आणलेली वस्तू. दहावी झाली की उघडू. मामाने बाबांकडे पाहिलं, बाबांनी पेपरात पाहिलं. रॉकेट शोकेसमध्ये गेलं. त्यानंतर मामा दर सुट्टीत आला की आम्ही दोघं आईकडून ते खोकं मागून घ्यायचो, कानाशी धरून हलवायचो आणि परत द्यायचो.

हल्ली माझा मुलगा मला सांगतो की असली जुनी खोकी जमवणारे लोक जगभर आहेत, आणि खोकं न उघडलेलं असेल तर त्याला मान जास्त. मी त्याला म्हटलं, म्हणजे तुझ्या आजीसारखी माणसं सगळीकडे आहेत तर. तो हसला, पण मला त्यात हसण्यासारखं फार काही वाटलं नाही.

मीरा रोड तेव्हा आजच्यासारखं नव्हतं हे सांगायला नको, ते तर इथे प्रत्येक म्हातारं माणूस सांगतं. आमच्या बिल्डिंगच्या मागे खाजण होतं, भरतीच्या पाण्याची दलदल, पलीकडे मिठागरं. संध्याकाळी बेडकं असा काही ओरडा करायची की बाबा रेडिओ कानाशी लावून बातम्या ऐकायचे. खालच्या मजल्यावर हंसाबेन राहायच्या, त्यांच्या फोडणीत मोहरी तडतडली की आमच्या घरात कळायचं. त्या आईशी गुजरातीत बोलायच्या, आई त्यांच्याशी हिंदी समजून काहीतरी बोलायची, आणि तरी दोघींचं तासन् तास जमायचं. उत्तनहून कोळीण पाटी घेऊन जिना चढून यायची. दारातच बसून घासाघीस चालायची. आईच्या हातचं बांगड्याचं तिखलं असायचं, त्याला तिरफळांचा वास, बरोबर तांदळाची भाकरी. पण घराचा खरा वास कुठला असेल तर डांबराच्या गोळ्यांचा. खाजणामुळे झुरळं फार, भिंतींना ओल. आईने कपाटात, गादीखाली, पुस्तकांमागे, सगळीकडे त्या पांढऱ्या गोळ्या टाकून ठेवलेल्या. शाळेत माझ्या शेजारी बसणारी मुलगी म्हणायची, तू आलीस की ट्रंक उघडल्यासारखं वाटतं. रॉकेटच्या खोक्यालाही आई विसरली नव्हती. त्याचं सील न मोडता, एका कोपऱ्याची चीर बोटाने फाकवून ती दर दिवाळीला नव्या दोन-चार गोळ्या आत सारायची. झुरळाने खाल्लं तर, म्हणायची. प्लास्टिक खाणारं झुरळ कुठलं, असं मी म्हटलं की परत तेच: तुला काय कळतंय.

मी दहावीला होते त्या वर्षी मामा सुट्टी नसताना घरी आला. बाबा त्याला आणायला गेले होते. दारात उभा राहिला तेव्हा त्याच्या उजव्या हाताला मोठा पांढरा नॅपकिन गुंडाळलेला होता, आणि तो नॅपकिन पुढे कित्येक महिने सुटला नाही. इंजिनमध्ये हात अडकला होता. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट एवढंच उरलं होतं, बाकीची तीन गेली. हे मला बाबांनी हळू आवाजात सांगितलं. मामा त्याबद्दल बोलायचा नाही आणि कुणाला हात बघूही द्यायचा नाही. जखम केव्हाच भरली होती, जहाजाची नोकरी अर्थातच गेली होती. लग्न त्याने केलं नव्हतं. जायचं कुठे, तर ताईकडे.

आणि आईने काय केलं विचाराल, तर तिने त्याला डोक्यावर घेतलं. खिडकीजवळची बाबांची आरामखुर्ची मामाची झाली. आई त्याचा भात कालवून द्यायची, बांगड्याचे काटे काढून मऊ तुकडे ताटात ठेवायची, शर्टाची बटणं लावायची. तो पाण्याच्या पेल्याला हात घालणार तोच पेला त्याच्या तोंडाशी हजर. सुरुवातीला मामा म्हणायचा, "ताई, डावा हात आहे की अजून." मग म्हणायचा बंद झाला. इंजिनरूममध्ये मशीनच्या आवाजावर ओरडून बोलायची सवय असलेला, आमच्या घरी आला की तिन्ही मजल्यांना ऐकू जाईल असा हसणारा माणूस, तो त्या खुर्चीत दिवसभर मिठागरांकडे बघत बसायचा आणि ताट आलं की मुकाट जेवायचा. मला ते बघवायचं नाही. मी तेव्हाही तोंडाळ होते, पण या बाबतीत कुणाला काय बोलायचं ते मला सुचेना. आई वाईट करत नव्हती. आई जीव टाकत होती.

पावसाळा लागला तसा एक दिवस हिराजी आला. हिराजी उत्तनजवळच्या पालीचा कोळी, मामाबरोबर काही वर्षं एकाच जहाजावर होता, नंतर गावी परतला, तिथे होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचं त्याचं छोटं वर्कशॉप होतं. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, नारळी पौर्णिमेनंतर त्या पाण्यात जातात, तेवढ्या मधल्या दिवसांत सगळ्यांची इंजिनं खोलून साफ करून द्यायची. कामाला माणूस हवा होता. सुक्या मांदेलीची पिशवी आईच्या हातात देऊन तो मामासमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, "तुजा हात मना बघाचा न्हाय, वसंता. इंजिन समजनारा मानूस पायजे, तो तू हायस." मामाने मान वर केली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांत मला काहीतरी हललेलं दिसलं. पण त्याने तोंड उघडायच्या आत आईने उत्तर दिलं. हिराजीभाऊ, त्याच्याजवळ आता कामाचं नाव काढू नका, तिने सांगितलं. आमच्या घरात त्याच्यापुरते दोन घास आहेत. मामा नॅपकिनकडे बघत राहिला. हिराजीने पौर्णिमेच्या आधी कधीही ये म्हणून सांगितलं, त्यानंतर मात्र मला दुसरा बघावा लागेल, आणि चहा न घेता गेला. मला कळत होतं की या वेळी मामा गेला नाही तर तो त्या खुर्चीतून कधीच उठणार नाही. आईला ते कळत नव्हतं असं मी आज म्हणणार नाही. तिला भीती होती, आणि भीतीपुढे आईचं काही चालायचं नाही.

दहावीचा निकाल लागला, मी बरी पास झाले. पेढे वाटून झाल्यावर मी आईला म्हटलं, आता रॉकेट. ती टाळाटाळ करायला लागली. आता काय लहान आहेस का, कॉलेजला जाणारी मुलगी, राहू दे शोभेला. मी म्हटलं, लहान होते तेव्हा लहान म्हणून दिलं नाहीस, आता मोठी म्हणून देत नाहीस, मधे कुठला दिवस होता तो सांग. बाबा चक्क पेपर खाली ठेवून म्हणाले, "काढ गं ते एकदाचं." किल्ली निघाली. रविवारची दुपार होती. मी हॉलमध्ये वर्तमानपत्रं पसरली, मामाची खुर्ची ओढून जवळ घेतली आणि सील फोडलं.

झाकण उघडल्याबरोबर डांबराचा असा भपकारा आला की बाबा शिंकले. वर कागद होता, त्यावर कुठला भाग कुठे बसतो त्याच्या आकृत्या. कागदाखाली पांढऱ्या प्लास्टिकच्या चौकटी, आणि प्रत्येक चौकटीला काडीकाडीने जोडलेले भाग. मी पहिली चौकट उचलली तर तिच्याबरोबर दुसरीही उचलली गेली. दोन्ही एकमेकींना चिकटल्या होत्या. जिथे जिथे गोळी टेकली होती, तिथे तिथे प्लास्टिक मऊ होऊन खचलं होतं. रॉकेटच्या सगळ्यात खालच्या जाड भागाच्या एका अर्ध्यात बोट जाईल एवढा खड्डा पडला होता. खालच्या शेपटासारख्या पंखांपैकी एक तर चघळून टाकलेल्या चिंगमसारखा झाला होता. एक गोळी त्यात अजून अर्धी रुतलेली होती. मी ती नखाने काढायला गेले तर प्लास्टिकची तार निघाली.

आईला आधी कळलंच नाही. ती म्हणाली, गरमीने झालं असेल. मामाने ती रुतलेली गोळी बघितली, नाकाशी नेली आणि शांतपणे म्हणाला की ही गोळी या प्लास्टिकला खाते, जहाजावर एकाचा कंगवा असाच गेला होता. आईने तो वितळलेला पंख उचलून बघितला. "मी तर जपलं रे," ती म्हणाली, "दर दिवाळीला जपलं." मला त्या क्षणी तिचा इतका राग आला होता की तोंडाशी काय काय येऊन गेलं, पण तिचा चेहरा बघून ते तिथेच राहिलं. झुरळापासून वाचवायला म्हणून दर दिवाळीला तिने स्वतःच्या हाताने हे करून ठेवलं होतं. आणि मग मामा हसला. मोठ्याने नाही, नाकातून, पण हसला. मला म्हणाला, "नंदे, ब्लेड आण."

तिथून आमच्या दुपारी सुरू झाल्या. आई जेवणानंतर लवंडायची, बाबा ऑफिसात, आणि आम्ही दोघं गॅलरीत. खोक्यातली गोंदाची ट्यूब दगड झाली होती. मामाने मला भाईंदर स्टेशनजवळच्या हार्डवेअरच्या दुकानात थिनर आणायला पाठवलं. दुकानदार शेठने विचारलं, "क्या रंगना है बेटा, कपाट या दरवाजा?" मी म्हटलं, रॉकेट जोडना है. त्याने जराही न चमकता बाटली भरून दिली. चौकटीच्या उरलेल्या काड्यांचे तुकडे मामाने एका औषधाच्या बाटलीत थिनरमध्ये टाकले, सकाळपर्यंत त्याची घट्ट पांढरी पेज झाली. तीच आमची खळ, तीच खड्डे बुजवायची लांबी. मामाने मला समजावलं की हे डिंकासारखं चिकटत नाही. थिनर लागला की दोन्ही कडा वरवर विरघळतात, एकमेकींत मिसळतात, आणि वाळलं की जोड उरत नाही. मात्र किती लावायचं आणि किती वेळ धरायचं ते हाताला कळलं पाहिजे, जास्त झालं तर गोळीने केलं तेच आपण करणार.

पहिले दोन दिवस तो डाव्या हाताने करत होता आणि सगळं वाकडं जात होतं. डाव्या हाताची बोटं जाड, भाग बारीक. वरच्या टोकाची ती इवलीशी कुपी, ज्यात तिघं माणसं बसून गेली, ती तीनदा त्याच्या हातातून निसटून गॅलरीतलं पाणी जायच्या नळीपर्यंत गेली. चौथ्यांदा मी शोधून आणली आणि त्याच्या तळहातावर ठेवली. मग त्याने दातांनी नॅपकिनची गाठ सोडली. मी बघायचं नाही असं ठरवलं होतं, पण बघितलं. हात लालसर होता, कडेला कातडी ताणलेली, आणि अंगठा आणि ते एक बोट नुसतीच उभी. त्या दोन बोटांनी त्याने ती कुपी उचलली आणि नेमकी जागेवर धरली. चिमटाच तो. "लाव," तो म्हणाला. मी काडीने पेज लावली. त्यानंतर गॅलरीत नॅपकिन कठड्यावर वाळत असायचा आणि हॉलमध्ये जायच्या आधी परत हाताला बांधला जायचा.

मोडलेल्या भागांचं काय करायचं, तर जे घरात आहे त्यातून करायचं. बॉलपेनाचं टोपण आणलं, थिनर त्याच्यावर चढेना. मामा म्हणाला, हे दुसऱ्या जातीचं प्लास्टिक, सोड. कॅसेटचं पारदर्शक कव्हर मात्र बरोबर विरघळलं. बाबांच्या आवडत्या भजनांच्या कॅसेटचं ते कव्हर होतं, कॅसेट पुढे कायम उघडी राहिली. जुन्या पंखाची आकृती कागदावरून काढून मामा कव्हर कापायचा, मी धरायची. त्या दिवसांत तो बोलायला लागला होता. जहाजाच्या पोटातली गरमी, दिवस की रात्र ते न कळणं, इंजिन बिघडायच्या आधी त्याचा आवाज कसा किंचित बदलतो, ते कळणारे किती थोडे. एकदा बोलता बोलता म्हणाला की हिराजीच्या वर्कशॉपमध्ये भट्टीजवळ बसायला दगड आहे, तिथून समुद्र दिसतो. मी म्हटलं, मग जा ना. तो म्हणाला, "ताई नको म्हणते." चाळिशीला आलेला माणूस. मला हसू आलं नाही.

मग ते झालं. पंख कापताना ब्लेड सटकलं आणि मामाच्या डाव्या तळहातात घुसलं. फार खोल नव्हतं, पण रक्त वर्तमानपत्रभर झालं आणि मी घाबरून आईला हाक मारली. ती पदर सावरत आली, आणि एकाच वेळी तिने दोन गोष्टी बघितल्या: वाहणारा डावा हात आणि उघडा उजवा. तो हात तिने तोपर्यंत पाहिलाच नव्हता. हळद दाबली, फडकं बांधलं, उजव्या हाताला नॅपकिन गुंडाळला, तोही तिनेच. मग अर्धवट रॉकेट, चौकटी, ब्लेड, थिनरची बाटली, सगळं गोळा करून खोक्यात भरलं, खोकं शोकेसमध्ये ठेवलं आणि कुलूप लावलं. "पुरे झाली थेरं," म्हणाली. मी आरडाओरडा केला, बाबा आल्यावर त्यांच्याकडे तक्रार केली, काही उपयोग झाला नाही. मामा खुर्चीत जाऊन बसला. आता त्याचे दोन्ही हात बांधलेले होते, त्यामुळे आई त्याला घास भरवायला लागली.

असे काही दिवस गेले, डाव्या हाताची जखम भरत आली. नारळी पौर्णिमा तोंडावर आली होती, कोळीण सुकी मासळी द्यायला आली की होड्या रंगवायच्या गोष्टी सांगायची, आणि मामा ते ऐकायचा. एके दुपारी आई त्याच्यासमोर पाटावर बसून खारा बांगडा सोलत होती. काटे एका बाजूला, मांस एका बाजूला, घास करून पुढे केला. मामाने तोंड उघडलं नाही. आई म्हणाली, घे, गार होतंय. त्याने मान हलवली. त्याचा आवाज अगदी साधा होता, भांडणाचा नव्हता, म्हणून तो मला अजून ऐकू येतो.

"ताई, तू जपलंस म्हणून मी वाढलो. पण आता मला ठेवू नकोस गं. वापर."

आईचा हात तसाच हवेत. मग ती म्हणाली, "आणि पुन्हा लागलं तर?"

"लागेल," मामा म्हणाला.

मला वाटलं आई रडेल, पण रडली नाही. घास ताटात ठेवला, उठून मोरीत हात धुतले, बराच वेळ धुतले. जेवणं आवरून आम्ही सगळे लवंडलो तेव्हा शोकेसचं दार सरकल्याचा आवाज आला. डोळे उघडून बघते तो खोकं माझ्या उशाशी, आणि आई पाठमोरी स्वयंपाकघरात जाताना.

रॉकेट त्या आठवड्यात उभं झालं. सरळ नाही, मुलाखतीला आलेल्या माणसासारखं जरा अवघडून. एक पंख कॅसेटच्या कव्हरचा, खालच्या भागावर बुजवलेला खड्डा हाताला लागायचा. आईने ते शोकेसमध्ये ठेवायला स्वच्छ नकार दिला. ते गॅलरीत उघड्यावर राहिलं, बिल्डिंगमधली पोरं येऊन त्याच्याशी खेळली, हंसाबेनच्या नातवाने ते जिन्यावरून उडवून बघितलं, मामाने ते परत परत जोडलं, आणि दोन पावसाळ्यांत ते खेळून खेळून संपलं. मुलाला मी हे सांगितलं तर तो हळहळला. मी नाही हळहळले. मामा पालीला गेला, पौर्णिमेच्या आधी गेला, आणि पुढे कितीतरी वर्षं त्याने हिराजीकडे काम केलं. उत्तनपासून तारोडीपर्यंत दोन बोटांचा मिस्तरी म्हणून त्याला लोक ओळखायचे. शेवटी तर त्या कोळ्यांसारखाच बोलायला लागला होता. पण मला विचाराल तर मामा पालीच्या बसमध्ये बसला त्या दिवशी तो गेला नाही. तो त्याच्या आधी, खोकं माझ्या उशाशी आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गेला.

त्या वर्षी पावसाळा असूनही आमच्या भागातली पाइपलाइन फुटली होती आणि बिल्डिंगला टँकरचं पाणी यायचं. टँकरचा हॉर्न वाजला की सगळ्या जिन्यावर भांड्यांचा खणखणाट. आमच्याकडे पाणी भरायचं काम बाबांचं, माझं आणि आईचं, मामा खुर्चीत. त्या सकाळी हॉर्न वाजला, मी बादली घेतली, बाबा हंडा घेऊन पुढे झाले. आई हातात पितळेची कळशी घेऊन हॉलमध्ये आली. दार ओलांडण्याऐवजी ती मामाच्या खुर्चीसमोर थांबली आणि कळशी त्याच्या मांडीवर ठेवली.

"पाणी आलंय," ती म्हणाली. "काय बघत बसलायस?"

मामा उठला. हाताचा नॅपकिन सोडून त्याने तिथेच खुर्चीच्या दांड्यावर टाकला. तो माझ्या पुढे जिना उतरला, उघड्या हाताने रांगेत उभा राहिला. बायकांनी बघितलं, मग आपापल्या भांड्यांकडे बघितलं. कळशी भरली. ती डाव्या खांद्यावर घेऊन, उजव्या हाताच्या दोन बोटांनी काठ धरून तो तीन मजले चढला, दर पायरीला थोडं थोडं सांडत. मी मागून येत होते, पण मदत करायला पुढे गेले नाही. वर आई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. पदराचं टोक तिने तोंडात धरलं होतं. मामा दारात आला, भिजलेला, धापा टाकत. आईने पदर सोडला, कळशीत वाकून बघितलं.

"अर्धी सांडलीस की रे," ती म्हणाली. "जा. परत भरून आण."

मामाने कळशी उपडी करून पिंपात रिकामी केली आणि परत जिना उतरायला लागला. खालून त्याचं हसणं तिन्ही मजल्यांना ऐकू आलं.